लांब खोऱ्यातलं लायसन्स

गेल्या वर्षभरात चार मैत्रिणींनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. ब्रिटनमधल्या एखाद्या आडगावात नोकरीनिमित्त येऊन पडलोय, भारतात दहा-बारा वर्षं गाडी चालवलीय, आता इथलं लायसन्स काढायचं तर सुरुवात कुठून करायची? प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगत बसले. आता एकदाच सगळं लिहून काढते. शहरात राहणाऱ्यांनाही काही भाग उपयोगी पडेल, पण माझा अनुभव खेड्यातला आहे आणि तो तसाच सांगते.

आम्ही राहतो ते ॲबीकुमहीर मध्य वेल्समध्ये, पॉविस परगण्यात आहे. वेल्श भाषेत ‘कुम’ म्हणजे खोरं आणि ‘हीर’ म्हणजे लांब. क्लवेडॉग नावाची छोटी नदी या लांब खोऱ्यातून वाहते आणि पुढे इथॉनला मिळते. २०११ च्या जनगणनेत इथल्या अख्ख्या पंचक्रोशीची लोकसंख्या २३५ होती. पॉविस परगणाच असा विरळ आहे, एका चौरस किलोमीटरला सव्वीसेक माणसं. खोऱ्याच्या मधोमध जुन्या मठाच्या पडक्या भिंती आहेत. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लुवेलिन १२८२ मध्ये मारला गेला, त्याचं शीर लंडनला नेलं आणि धड इथे पुरलं असं मानतात. त्याच्या नावाची एक शिळा भिंतींच्या आत आडवी ठेवलेली आहे. उन्हाळ्यात ती बघायला लोक येतात, एरवी मेंढ्या चरत असतात.

९ ऑक्टोबर २०२३ ला आम्ही इथे उतरलो. नवऱ्याला जवळच्या लँड्रिंडॉड शहरात नोकरी लागली होती. तिथे भाड्याचं घर मिळेना, म्हणून एका फार्मवरचं दगडी घर घेतलं. पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं की गाडीशिवाय इथे माणसाचे पाय बांधलेले आहेत. दुकान नाही आणि घरापाशी फोनला रेंज नाही. कार्डिफपर्यंत जाणारी टी-फोर बस पकडायची तर क्रॉसगेट्सपर्यंत सहा-सात मैल जायचं. रेल्वेही आहे, श्रूजबरी ते स्वान्सी जाणारी, पण दिवसाला चार-पाच गाड्या. पेनबॉन्टसारख्या छोट्या स्टेशनवर तर हात दाखवला तरच गाडी थांबते. मी वाईची, एसटीला हात करून मोठी झालेली, त्यामुळे ते बघून बरं वाटलं होतं. पण त्या स्टेशनपर्यंत पोचायलाही गाडीच लागते.

पहिले दोन महिने आम्हाला वरच्या फार्मवरच्या आजोबांनी सांभाळलं. वय ७८, तीनशे-साडेतीनशे मेंढ्या, एक कुत्रा आणि एक जुनी गाडी. बुधवारी रायडर गावच्या बाजाराकडे निघाले की आमच्या फाटकापाशी हॉर्न वाजवायचे. मी पिशव्या घेऊन तयार असायची. किती दिवस कुणाच्या गाडीत बसायचं, हे रोज मनात यायचं.

आता नियम. भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. ब्रिटनमध्ये राहायला आल्या दिवसापासून बारा महिने त्यावर साधी कार चालवता येते. त्यानंतर इथलं शिकाऊ लायसन्स, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा, हे सगळं करावंच लागतं. बारा वर्षांचा अनुभव जमेस धरत नाहीत. म्हणजे माझी मुदत ८ ऑक्टोबर २०२४. बारा महिने ऐकायला भरपूर वाटतात आणि तिथेच आपण फसतो. तुम्ही आल्या आल्या पहिल्या महिन्यात अर्ज टाका. मी तीन महिने घालवले. थंडी, अंधार, घर लावणं, सगळी कारणं खरी होती, पण पुढे सप्टेंबरमध्ये त्या तीन महिन्यांची किंमत कळली.

डिसेंबरमध्ये जुनी मॅन्युअल गाडी घेतली. भारतीय लायसन्सवर विमा महाग पडतो. आम्हाला वर्षाला अकराशे पाउंडांहून जास्त भरावे लागले आणि त्याला इलाज नव्हता. एक गोष्ट मात्र विचारपूर्वक केली, ऑटोमॅटिक घेतली नाही. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही तेवढंच मिळतं आणि इथे खेड्यात कामाच्या गाड्या बहुतेक मॅन्युअल असतात.

जानेवारी २०२४ मध्ये शिकाऊ लायसन्सचा अर्ज केला. ऑनलाइन केला तर ३४ पाउंड, पोस्टाने ४३. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नव्हता, मूळ कागद पाठवावे लागणार होतेच, म्हणून पोस्टातून डी-वन फॉर्म आणला आणि ४३ पाउंड भरले. फोटो लावला, निवासाचं कार्ड पाकिटात घातलं आणि सगळं लायसन्सच्या कार्यालयाकडे स्वान्सीला धाडलं. तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. सही चौकटीच्या रेघेवर गेली होती. एवढ्यासाठी तीन आठवडे गेले. नवा फॉर्म भरला, या वेळी सही करताना खाली पट्टी धरली. १ मार्चला हिरवं शिकाऊ लायसन्स हातात आलं. मधल्या काळात देशात राहण्याचा एकमेव पुरावा आपल्याजवळ नाही, ही धाकधूक रोज असायची. ट्रॅकिंग असलेल्या पोस्टानेच पाठवा आणि आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. आता ते कार्ड बंद होऊन ई-व्हिसा आलाय, त्यामुळे अर्जाच्या वेळी कागदांची यादी नव्याने बघून घ्या.

लेखी परीक्षेची फी २३ पाउंड. पहिल्या भागात ५० प्रश्न, ५७ मिनिटं आणि ४३ बरोबर यावे लागतात. अभ्यास केला तर हा भाग अवघड नाही. दुसऱ्या भागात मात्र मी नापास झाले. त्यात रस्त्याचे १४ व्हिडिओ दाखवतात आणि धोका निर्माण व्हायला लागला की क्लिक करायचं. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त गुण, एका धोक्याला जास्तीत जास्त पाच. एका व्हिडिओत दोन धोके असतात, असे मिळून ७५, आणि पास व्हायला ४४ लागतात. आपण भारतात गाडी चालवलेल्यांना प्रत्येक कोपऱ्यात धोका दिसतो. माझं बोट सारखं चालत होतं. आणि फार वेळा क्लिक केलं की यंत्र समजतं, हा माणूस अंदाजे दाबतोय, आणि त्या व्हिडिओला शून्य देतं. माझे दोन व्हिडिओ असे गेले आणि ४१ गुण आले. केंद्रापर्यंत तासाभराची वाट, आत जाताना खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, घड्याळसुद्धा लॉकरमध्ये. येताना गाडीत दोघंही गप्प होतो.

दुसऱ्यांदा ११ एप्रिलला दिली. तोवर एक युक्ती सापडली होती. धोका दिसला की एकदा, आणि तो वाढतोय असं वाटलं की दुसऱ्यांदा, बस. मनात ‘दिसलं... आलं’ म्हणायचं आणि त्या दोन शब्दांवर दोन क्लिक. ५८ आले. हे प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, तेवढ्यात रस्त्यावरची परीक्षा पास व्हावी लागते.

त्याच संध्याकाळी रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख घेतली, कामाच्या दिवसाची फी ६२ पाउंड. लँड्रिंडॉडच्या केंद्रावर मिळालेली पहिली तारीख १३ ऑगस्ट. चार महिने! पण ते चार महिने लागलेच, कारण खरं शिक्षण तेव्हा झालं.

पॉविसमध्ये शिकवणारे मोजके आहेत. मला जे मिळाले ते म्हणाले, तुमच्या खोऱ्यात येऊन-जाऊन माझा तास वाया जातो, तुम्हीच क्रॉसगेट्सला या. भारतीय लायसन्स चालू असल्यामुळे मी एकटी गाडी घेऊन जाऊ शकत होते. तासाला ३८ पाउंड. पहिल्या तासाला त्यांनी मला नुसतं चालवू दिलं आणि शेवटी वहीत लिहिलं, ‘आरसे’. मला वाटायचं मी बघते. पण वेग कमी करण्याआधी, इंडिकेटर देण्याआधी, थांबलेल्या गाडीला वळसा घालण्याआधी, प्रत्येक वेळी आधी मधला आरसा आणि मग बाजूचा, हे मी करत नव्हते. बारा वर्षं हॉर्नने केलेलं काम इथे आरशाने करायचं असतं. पाच-सहा तास याच एका गोष्टीवर गेले.

वेगाचंही तसंच. वस्तीतल्या रस्त्यांवर वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैलांची मर्यादा आली आणि गावाबाहेर पडलं की काळ्या तिरप्या पट्टीची पांढरी पाटी, म्हणजे ६० मैल. आमच्या घरासमोरच्या एकपदरी वाटेलाही कागदोपत्री ६० आहे! तिथे वीस-पंचवीसच्या वर जायची कुणाची छाती होत नाही. पण मोठ्या रस्त्यावर मोकळी वाट असताना पस्तीसने गेलात तर परीक्षेत तो दोष धरतात. रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्ठं लिहिलेलं असतं, ‘आरव्ह’, म्हणजे हळू. आजोबांच्या नातवाने मला त्याचा उच्चार शिकवला, वेल्शमध्ये एकेरी एफचा व्ह होतो.

आता रिव्हर्स. हे जरा सविस्तर सांगते, कारण कुठल्याच पुस्तकात मला हे नीट मिळालं नाही.

आमची वाट एका गाडीपुरती आहे. दोन्ही बाजूंना मातीचे बांध, त्यावर काटेरी झुडपांचं कुंपण, आणि मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायला जागा सोडलेल्या. समोरून कुणी आलं तर ज्याला जागा जवळ त्याने मागे जायचं. जागा आपल्या डाव्या हाताला असली तर आत शिरायचं. उजवीकडे असली तर आपण तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला तिथून वळसा घालू द्यायचा. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हे पसरणी घाटात शिकलेलंच इथेही लागू आहे. मेच्या सुरुवातीला एका वळणावर माझ्यासमोर लाकूड भरलेला ट्रक उभा राहिला. मागे जायची जागा शंभर-सव्वाशे मीटर लांब. मी मान वळवून मागच्या काचेतून बघत निघाले. गाडी नागमोडी गेली, डावं चाक बांधावर चढलं आणि आरसा काट्यांत घुसून दुमडला. ट्रकवाला खाली उतरला, आरसा सरळ केला आणि शांतपणे म्हणाला, घाई नाही. पण माझे हात थरथरत होते. घरी आल्यावरही बराच वेळ चहाचा कप धरवेना.

आजोबांना हे कळलं. इथे सगळ्यांना सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फार्मच्या आवारात बोलावलं, गवताचे भारे दोन रांगांत मांडून वाटेएवढी गल्ली केली आणि म्हणाले, “मागे बघूच नकोस, दोन्ही आरशांत बघ. गाडीची कड आणि कुंपण यांच्यात हाताएवढी पट्टी दिसली पाहिजे. दोन्हीकडे सारखी दिसली की तू मधे आहेस. ज्या आरशात पट्टी मोठी होईल तिकडे स्टिअरिंग किंचित वळव, फार नाही.” अर्ध्या क्लचवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता. पहिल्या दिवशी सहा भारे पाडले. पंधरा दिवसांनी गल्ली आणखी अरुंद केली. जूनअखेर मी खालच्या पुलापासून आमच्या फाटकापर्यंत उलटी आले, एकदाही न थांबता. बायको लोकर भरत होती तिला त्यांनी हाक मारून बोलावलं आणि दोघांनी टोप्या काढल्या. परीक्षेत अर्थात मान वळवून मागे बघावंच लागतं, ते शिकवणाऱ्यांनी नंतर बसवून घेतलं. पण गाडीची रुंदी अंगात भिनली ती त्या भाऱ्यांमध्ये.

मेंढ्यांबद्दलही आजोबांचंच ऐका. वाटेच्या एका बाजूला कोकरू आणि दुसऱ्या बाजूला मेंढी दिसली तर थांबा. गाडीचा आवाज आला की ते आईकडेच धावणार.

१३ ऑगस्टच्या परीक्षेत मी नापास झाले. परीक्षा चाळीसेक मिनिटांची असते. आधी वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचायची, मग गाडीबद्दल दोन प्रश्न, एक सुरुवातीला आणि एक चालवताना. माझ्या वेळी निम्मा वेळ सॅटनॅव्हच्या सांगण्यावरून आपलं आपण चालवायचं असायचं. पंधरापर्यंत किरकोळ चुका चालतात, मोठी एकही नाही. माझ्या किरकोळ पाचच होत्या. क्रॉसगेट्सच्या राउंडअबाउटला उजवीकडून गाडी येत होती आणि मी ‘बसेल’ म्हणून शिरले. परीक्षक बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. तिथेच संपलं, उरलेली वीस मिनिटं मी चालवत राहिले एवढंच. हा अंदाज आपल्याकडे रोजचा आहे, त्यामुळेच घातक. समोरच्याला वेग किंचितही कमी करावा लागला तर ती आपली चूक, हे डोक्यात पक्कं करा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, तू तर महाबळेश्वरला एकटी जायचीस.” मला रडू आलं.

निकालानंतर दहा कामाचे दिवस सोडून पुन्हा परीक्षा देता येते, पण तारीख दिसत होती ती थेट डिसेंबरची. माझी मुदत ८ ऑक्टोबरला संपणार. त्यानंतर एल लावून शेजारी पक्का लायसन्सधारक बसवल्याशिवाय चालवता आलं नसतं, आणि मला पंधरा सप्टेंबरपासून वृद्धांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचं काम मिळालं होतं. ते एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत गाडीनेच जायचं काम. डिसेंबरची तारीख घेऊन ठेवली आणि रोज सकाळी सहाला, साइट उघडते तेव्हा, कुणी रद्द केलेली तारीख शोधायला बसले. अठराव्या दिवशी २४ सप्टेंबर, सकाळी १०.१४ दिसली. बोटं कापत होती, पण मिळाली. तारीख बदलायची किंवा रद्द करायची असेल तर आता दहा पूर्ण कामाचे दिवस आधी करावी लागते, नाहीतर फी बुडते. मी केलं तेव्हा तीन दिवस चालायचे.

त्या दिवशी धुकं होतं. यावेळचे परीक्षक ‘बोरे दा’ म्हणाले, म्हणजे सुप्रभात. मीही तसंच उत्तर दिलं, त्याने जरा धीर आला. क्रॉसगेट्सला दोन गाड्या जाऊ दिल्या, मागच्याने लाइट दिला तरी हलले नाही. मग सॅटनॅव्हने एका लहान वाटेला वळायला सांगितलं आणि पहिल्याच चढाच्या खाली ट्रॅक्टर आला, मागे गवताच्या गोळ्यांनी भरलेली ट्रॉली. ट्रॉली घेऊन त्याला मागे जाता येणार नव्हतं. मी तिन्ही आरसे पाहिले, मान वळवली, परीक्षकांना म्हणाले, मी मागे जाते. दोन्हीकडे हाताएवढी पट्टी. साठेक मीटर गेले असेन, डावीकडे फाटकाची रुंद जागा आली, आत घेतली. ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं. इथे नमस्कार तेवढाच असतो. मीही एक बोट वर केलं.

सात किरकोळ, मोठी एकही नाही. पास.

परीक्षकांनी शिकाऊ लायसन्स ठेवून घेतलं आणि प्रमाणपत्र दिलं, त्यावर लगेच चालवता येतं. पक्कं लायसन्स अकराव्या दिवशी टपालाने आलं. एकूण खर्च: फॉर्मचे ४३, लेखीचे दोनदा मिळून ४६, रस्त्यावरच्या परीक्षेचे दोनदा मिळून १२४, चौदा तास शिकवणीचे ५३२ आणि परीक्षेच्या दोन दिवसांसाठी शिकवणाऱ्यांच्या गाडीचे १६०, म्हणजे ९०५ पाउंड. विमा वेगळा. एक गोष्ट जपा: पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले तर लायसन्स रद्द होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भारतातला अनुभव इथेही धरत नाहीत.

पॉविसमध्ये मोठं जिल्हा रुग्णालय नाही. नोव्हेंबरमध्ये आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हेरफर्डला होतं आणि डोळ्यावर पट्टी असताना त्यांना चालवता येणार नव्हतं. सकाळी साडेसहाला मी त्यांच्या फाटकापाशी हॉर्न वाजवला. अंधार होता. ते बसले, पट्टा लावला, पहिल्या वळणापर्यंत माझ्याकडे बघत राहिले आणि मग खिडकीला डोकं टेकून झोपले.

वेल्समध्ये शिकाऊ माणसाला एलऐवजी लाल डी लावता येतो, डी म्हणजे ‘डसगुर’, शिकणारा. पूल ओलांडून इंग्लंडमध्ये शिरलं की मात्र एलच लावावा लागतो. माझ्या गाडीवर सराव करताना मी दोन डी लावायची. त्यातल्या एकाचा कोपरा त्या मेच्या काट्यांनी फाटलेला आहे. डिसेंबरात आजोबांचा नातू सतरा वर्षांचा झाला, तेव्हा दोन्ही पुसून त्याला देऊन आले. गवताचे भारे त्याने आधीच मांडून ठेवले होते.